भांगातला बिब्बा

ये गं, समोर आहेस असं धरूनच लिहिते, अशी जवळ सरक. तो मोबाईल आधी पालथा ठेव. परवा फोनवर तू बोललीस ते सगळं मी ऐकलं, पण तुझी आई माझ्या शेजारीच बसली होती, म्हणून कानावर पडलंच नाही असं दाखवलं. केस गळतात म्हणून मैत्रिणीनं सांगितलेल्या गोळ्या मागवल्यास म्हणे. कुणा डॉक्टरला डोकं दाखवलं नाहीस, आईला विचारलं नाहीस. अगं शहाणे, पुण्यात राहून एवढं शिकतेस आणि दुसरीच्या डोक्याचं औषध आपल्या पोटात घालतेस? समोर असतीस तर कान धरला असता. समोर नाहीस म्हणून वही घेऊन बसले आहे. अक्षर किरटं आहे, पण तुला लागेल.

तुला रागवायचा मला किती हक्क आहे, हे तू पुढं वाचून ठरव.

सांगायचं आहे ते तुझ्या ताईबद्दल. ती माझ्या लेकाची लेक, तू माझ्या लेकीची. तुम्ही दोघी पुण्यात एका खोलीत राहता, एका आरशात बघता. ताई भांग मधे का पाडत नाही, इतका खाली कानाकडं का पाडते, घरात बसतानाही डोक्याला रुमाल का बांधते, हे तू कधी तरी विचारलं असशील. तिनं तुला सांगितलं असेल, डेंग्यूच्या तापात झालं. घरात सगळ्यांनी तसंच सांगायचं ठरलं होतं. ताप खरा होता. पण ती जागा तापानं गेली नाही. ती माझ्या हातानं गेली.

आता पहिल्यापासून सांगते.

ताई आमच्याकडंच वाढली, कळंबच्या या मळ्यात. तिचे केस लहानपणापासून माझ्या ताब्यात होते. तिची आई, म्हणजे माझी सून, गोठ्यात आणि रानात अडकलेली, म्हणून वेणीफणी माझ्याकडं. न्हायचा वार रविवार. आदल्या दिवशी खोबरेल कोमट करून चोळायचं, रविवारी शिकेकाईनं धुवायचं, दुपारी ओट्यावर उन्हाला पाठ करून बसवायचं आणि फणी घालायची. फणीत निघालेले केस आपण टाकत नाही, हे तू तुझ्या आईकडंही पाहिलं असशील. रस्त्यात पडू द्यायचे नाहीत, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचे नाहीत. बोटाला गुंडाळून त्याची गुंडी करायची आणि कोनाड्यात डब्यामागं ठेवायची. वर्षातनं दोनदा केसांवर भांडी देणारी बाई यायची, डोक्यावर पाटी घेऊन. दोन बायकांचे वर्षभराचे केस दिले की एखादी वाटी, एखादं झाकण मिळायचं. माझी तेलाची वाटी अशीच केसांवर घेतलेली आहे. त्यातले निम्मे केस ताईचे असतील. ती पाठ करून बसायची आणि मला कॉलेजातलं सगळं सांगायची. तोंड दिसत नसलं की पोरी जास्त बोलतात.

बारामतीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा तिला डेंग्यू झाला. आठ दिवस दवाखान्यात होती. ताप गेला, अंगात बळ आलं, आणि दोन-तीन महिन्यांनी केस जायला लागले. उशीवर केस, न्हाणीघराच्या जाळीत केस. फणी एकदा घातली की गुंडी होण्याइतके निघायचे. पुढं भांग रुंद व्हायला लागला. पहिल्यांदा मी म्हटलं, तापाचे गेलेत, येतील. पण भांग काही मिटेना. ती एसटीत बसताना खिडकी लावून घ्यायला लागली. वाऱ्यानं केस उडाले की मधली कातडी दिसायची.

मग तिच्या आईनं तिला बारामतीत कातडीच्या डॉक्टरीण बाईंकडं नेलं. त्यांनी सांगितलं की तापाचे गेलेत ते गेलेत, पण भांगात विरळ होणं तिच्या अंगचं आहे, त्याला औषध लागेल. पहिल्यांदा गोळी दिली, अर्धी अर्धी. पंधरा दिवसांत पोरीचे घोटे सुजले. जिना चढली की छातीत धडधड व्हायची. परत गेलो तेव्हा मीही बरोबर होते, पण आत दोघींनाच सोडलं. मी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. आत त्या काय बोलल्या ते मी माझ्या कानानं ऐकलं असतं तर, असं कधी कधी मनात येतं. पण खरं सांगू का, ऐकलं असतं तरी मी तेच केलं असतं. मला माझा स्वभाव आता कळतो.

ताई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक छोटी बाटली होती आणि एक काचेची नळी, वर रबराचा फुगा लावलेली.

"गोळी बंद केली," ती म्हणाली. "मला मानवत न्हाय. आता वरूनच लावायचं."

"तेल हाय का?"

"तेल नाही आजी. पाण्यासारखं असतं. या रेघेपर्यंत भरायचं आणि भांगावर थेंब थेंब सोडायचं, सकाळी आणि संध्याकाळी. डोकं कोरडं पाहिजे. कपाळावर ओघळू द्यायचं नाही, तिथं लव येती. लावून झालं की हात धुवायचे."

"आन तेल?"

"तेल त्यावर नाही लावायचं. तेल लावलं की औषध आत जात नाही."

तुला हसू येईल, पण मला तिथं त्या बाकावर असं वाटलं की कुणी तरी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. वीस वर्षं मी त्या डोक्याला तेल लावलं. आता एवढीशी बाटली, तीही पाण्यासारखी, आणि ती लावणार तीच, आरशात बघून. माझं काम संपलं. हे मी कुणाला बोलले नाही. पण आजारपण ओळखायला जसा डॉक्टर लागतो तसं स्वतःच्या मनातलं ओळखायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

पहिला महिना गेला. आणि केस आणखी जायला लागले.

ताई घाबरली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला आधीच सांगितलं होतं की पहिले दीड-दोन महिने जास्त गळतील, जुने केस जागा सोडतात आणि मग नवे येतात, औषध थांबवायचं नाही, सहा महिने धीर धरायचा. तिनं मलाही ते सांगितलं. पण माझ्या कोनाड्यात तिच्या गुंड्या होत्या ना. फणी अजून मीच घालत होते, तेवढं एक काम उरलं होतं. ताई आरसा बघायची आणि मी गुंड्या बघायचे. आधी आवळ्याएवढी निघायची, आता लिंबाएवढी. एका कापडी पिशवीत मी त्या भरायला लागले. पिशवी हातात धरली की वजन लागत नसे, पण फुगत चालली होती. मला वाटलं, डॉक्टर असंच सांगणार. माल खराब निघाला की दुकानदारही आधी म्हणतो, थोडे दिवस वापरून बघा.

एका रविवारी मी ती पिशवी तिच्यापुढं धरली. म्हटलं, "हे बघ. हे तुझं औषध."

ती बागेकडं तोंड करून बसली होती. आपली डाळिंबं त्या वेळी पानगळीवर होती. तुला माहीत आहे ना, बहार धरायचा असला की आपण आधी पाणी तोडतो, बागेला ताण देतो, फवारा मारतो आणि सगळी पानं खाली पाडतो. आठ दिवसांत बाग अशी उघडी पडते की परक्या माणसाला वाटावं, मेली. मग खत, मग पाणी, मग फूट आणि कळी. हे आम्ही दरसाल करतो. मी स्वतः गळलेल्या पानांवरनं चालत जाते आणि मला काही वाटत नाही.

ताईनं बागेकडं हात केला. "आजी, ती झाडं बघ. काल बाबांनी फवारा मारला तेव्हा तू रडलीस का? माझ्या डोक्याचं पण तसंच चाललंय. पानगळ हाय ही."

"झाडाला सासरी जायचं नसतं," मी म्हटलं.

ती हसली. पण मला ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. इंदापूरकडचं एक स्थळ चालून आलं होतं. चांगली माणसं, डाळिंबवालीच, मुलगा शिकलेला, आणि ताईचं त्याच्याशी फोनवर एकदा बोलणंही झालं होतं. घरात कुणी जबरदस्ती करत नव्हतं. बोलणं झाल्यावर दोन दिवस ती गुणगुणत होती. पाव्हणे बघायला यायचे होते तीन आठवड्यांनी. डॉक्टरचे सहा महिने आणि माझे तीन आठवडे. सगळं तिथं अडलं.

मी काय काय लावलं ते ऐक. औषध वाळल्यावर लावायचा म्हणून कांद्याचा रस. त्यानं डोक्याला वास येतो म्हणून ती चिडली. जास्वंदीची पानं वाटून. माक्याचं तेल, तेही न्हायच्या आदल्या दिवशी, म्हणजे त्या दिवशीचं औषध वायाच. ती मला दुखवायला नको म्हणून एखाद्या वेळी डोकं पुढं करायची. यानं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही. तिथंच थांबले असते तर आज ही वही घेऊन बसले नसते.

वरच्या आळीत एक म्हातारी आहे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, सगळे तिला आक्का म्हणतात. ती ताक मागायला आली आणि ताई ओट्यावर वाकून पुस्तक वाचत होती. आक्का तिच्या डोक्याकडं बघत राहिली. ताई आत गेल्यावर म्हणाली,

"भांग हाय का पायवाट गं ती?"

"औषध चालू हाय बारामतीचं."

"पाण्यासारखं असंल."

"व्हय."

"मग कसं येत्यात? आमच्या धन्याला चाई लागली व्हती, हितं, पार रुपयाएवढी. बिब्बा घासला. म्हैन्यात केस."

"पोरीच्या डोक्याला बिब्बा?"

"थेंबभर गं, खोबरेलात. तू काय बिब्ब्याची भाजी करायला निघालीस व्हय?"

ती ताक घेऊन गेली. तिला मी दोष देत नाही. तिनं सांगितलं, केलं मी.

बिब्बा म्हणजे काय, हे तुला पुण्यात कुठं दिसायचं. काळं, चपटं फळ असतं, बोराएवढं. आतली गोडंबी आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो, ती चांगली. पण सालात जे काळं तेल असतं ते जळतं. माझं माहेर मोरगावकडचं, कोरडवाहू. लहानपणी शेरडांमागं अनवाणी फिरायचो, बाभळीचा काटा पायात मोडायचा. आई बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायची, तेल ठिबकलं की तळव्याला चटका द्यायची. काटा पिकत नसे. माझ्या टाचेवर तो काळा डाग अजून आहे. म्हणून मला बिब्ब्याचं भय नव्हतं, आणि हीच चूक. टाचेचं कातडं आणि भांगाचं कातडं एक नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. बिब्बा फोडताना आम्ही हाताला तेल माखतो, तोंड बाजूला करतो. कुणाकुणाला नुसता वारा लागला तरी तो उततो, म्हणजे अंग सुजतं, फोड येतात, पाणी वाहतं. हे मला सगळं माहीत होतं. माहीत असून केलं.

शनिवारची दुपार होती. सून रानात होती, लेक कारखान्यावर गेला होता. मी चुलीपुढं बसून बिब्बा दिव्यावर धरला. वाटीत खोबरेल होतं. आक्का म्हणाली होती थेंबभर. मी पाच-सहा थेंब पडू दिले. एका थेंबानं महिना लागतो तर मला तीन आठवडेच आहेत, असा माझा हिशेब.

ताई कॉलेजवरनं आली, हातपाय धुतले, औषध लावलं. ते वाळलं तशी मी वाटी घेऊन ओट्यावर आले.

"आजी, तेल नको गं. आत्ताच लावलंय ते."

"तेल न्हाय हे. माका हाय. थंड असतंय."

"डॉक्टर नको म्हणाल्यात."

"डॉक्टरला आजी न्हाय वाटतं."

ती हसली, पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं पाठ करून बसली. मी भांगात बोट फिरवलं. पुढं कपाळाच्या वर जिथं जास्त उघडं दिसत होतं तिथं जरा घासून लावलं. ती मला त्या स्थळाबद्दल सांगत होती. मुलगा फोनवर म्हणाला होता की त्याला भरल्या वांग्यापेक्षा पिठलं आवडतं. "मग बरंय, मला तेवढंच येतं," असं ती म्हणाली म्हणे. मी तिला खोटं बोलून तिच्या डोक्यात बिब्बा घालत होते आणि ती मला हे सांगत होती.

सकाळी ती उठली ती डोकं धरून. "आजी, चुरचुरतंय गं." दहा वाजेपर्यंत कपाळ लाल. दुपारी डोळे सुजून बारीक झाले, भांगात फोड येऊन पाणी सुटलं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. बिब्बा उतला.

आणि मी बोलले नाही.

लेकानं विचारलं काय लावलं होतं, ती म्हणाली औषध लावलं, वर आजीनं माक्याचं तेल लावलं. माक्यानं कुणाला काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक. लेक म्हणाला, त्या बाटलीनंच केलं. त्यानं बाटली उचलली आणि पाटात भिरकावली. मी उंबऱ्यात उभी होते. बाटली उसाच्या सरीतनं वाहत गेली, मला दिसत होती. ते औषध तिला मानवत होतं, त्याचा काही दोष नव्हता, तो दोष त्याच्यावर गेला आणि मी जाऊ दिला. तो दिवस रविवार होता, दवाखाना बंद. सकाळपर्यंत थांबायचं ठरलं.

मला बसवेना. मी आत जाऊन पाट्यावर तीळ आणि खोबरं वाटायला घेतलं. बिब्बा उतल्यावर तेच लावतात, थंडावा पडतो. सून पाणी प्यायला आत आली आणि पाट्याकडं बघून थांबली.

"आत्या, तीळ कशाला वाटताय?"

मी वाटत राहिले.

"तीळ-खोबरं कशावर लावत्यात ते मला पण ठाव हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "काय घातलंत तिच्या डोक्यात?"

तिनं माझ्या हातातला वरवंटा काढून घेतला, वाटण वाटीत भरलं आणि लेकीच्या डोक्याला लावायला गेली. पुरुषांपुढं ती अक्षर बोलली नाही.

सोमवारी आम्ही तिघी बारामतीला गेलो. या वेळी सुनेनं मला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी ताईचं डोकं उजेडात धरून बघितलं आणि विचारलं, औषधाशिवाय काय लावलं? ताई म्हणाली, माका. सून माझ्याकडं बघून म्हणाली,

"आत्या, तुमी सांगा."

मी सांगितलं. बिब्बा म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"किती?"

"पाच-सहा थेंब."

त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आजी, वरून लावायचं औषध आम्ही दिलं ते पोटाला आणि काळजाला त्रास नको म्हणून. वरून लावायचं म्हणजे काहीही लावलं तरी चालतं असं नसतं. कातडी पण खातेच की."

ताईचे डोळे सुजलेले, अर्धे मिटलेले. तरी तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगू शकत नाही. रागाचं असतं तर सोसलं असतं. ती जणू ओळख लावत होती, ही कोण बाई आहे.

जखम भरायला दीड महिना गेला. पाव्हण्यांना तापाचं कारण सांगितलं. त्यांनी थोडे दिवस वाट बघितली, मग दुसरीकडं जमवलं. त्यांचं काही चुकलं नाही. ताईनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी तीच बाटली परत दिली, पण जळलेल्या जागेला सोडून लावायची. तिथं का नाही, असं सुनेनं विचारलं. त्या म्हणाल्या, तिथं आता मूळच राहिलं नाही. वण आहे तो. तिथं गोळी घेतली काय आणि वरून लावलं काय, केस येत नसतो.

आणि बघ, सहा महिन्यांनी काय झालं. बाकीच्या डोक्यावर केस आले. आधी लव, मग बारीक, मग चांगले काळेभोर. वर्षात भांग इतका भरला की जुन्या फोटोत नव्हता असा. तिनं मला सांगितलेलं सगळं खरं निघालं, पानगळीचं सुद्धा. फक्त कपाळाच्या वर, दोन बोटं रुंद आणि करंगळीएवढी लांब, ती जागा तशीच राहिली. गुळगुळीत, चकचकीत. अवतीभवती केस दाट झाले तशी ती जागा जास्तच उठून दिसायला लागली. मी हात लावला नसता तर तिथंही आले असते. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. रोज सकाळी ती आरशापुढं उभी राहून डावीकडचे केस त्यावर आणायची, आणि मी दुसऱ्या खोलीत भाकरी थापत बसायचे.

एकदाच तिनं विचारलं. पुण्याला नोकरी लागली होती, पिशवी भरत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"आजी, मी तुला पानगळीचं सांगितलं होतं ना?"

"व्हय."

"मग?"

त्या "मग"चं उत्तर मी अजून शोधते आहे. त्या वेळी मी म्हटलं, "डबा भरलाय, घेऊन जा." ती डबा घेऊन गेली.

पहिल्या दिवाळीला आली होती. अभ्यंगाच्या दिवशी सगळ्या पोरींना मी तेल लावते, तुलाही लावलं होतं, आठवत असेल. ती आधीच आंघोळ करून रुमाल बांधून बसली होती. मी नुसता डोक्यावरनं हात फिरवायला गेले तर तिनं मान बाजूला घेतली. अगदी हळू घेतली, मला लागू नये म्हणून. मला ते जास्त लागलं. नंतरच्या दोन दिवाळ्या ती आली नाही. फोन करते. जेवलीस का, गुडघे कसे आहेत, औषध घेतलंस का. तिच्या फोनमध्ये राग नसतो. तिला माझ्याशी बोलायचं असं काही उरलेलं नाही, एवढंच असतं.

मागच्या महिन्यात केसांवर भांडी देणारी बाई आली होती. सुनेनं आमच्या दोघींच्या गुंड्या दिल्या. कोनाड्यात ती जुनी कापडी पिशवी दिसली तशी बाई म्हणाली, "ह्याचं चांगलं मोठं पातेलं येईल मावशी, केस लांब हायती." मी म्हटलं, "हे द्यायचं न्हाय." तिनं दोनदा विचारलं. मग सून म्हणाली, "न्हाय म्हणत्यात ना त्या, ऱ्हाऊ द्या." इतक्या दिवसांत सुनेनं माझी बाजू घेतली ती ही पहिली वेळ. मी परसात जाऊन तोंड धुऊन आले.

तर आता तुझं. त्या गोळ्या बंद कर. बंद म्हणजे आजच. डॉक्टरकडं जा आणि खरं खरं सांग, काय घेतलंस आणि किती दिवस. आपल्या घराण्यात भांग विरळ होतो, तेही सांग. गोळी तुला मानवेल की वरून लावायचं औषध मानवेल, हे त्यांना ठरवू दे. वरून लावायचं दिलं तर सांगितलं तेवढंच लाव, लवकर यावे म्हणून जास्त लावू नकोस. आधी गळतील. घाबरून सोडू नकोस. आणि कुणी म्हातारी वाटी घेऊन पुढं आली तर ती कितीही गोड बोलू दे, उठून जा. मी असले तरी.

हे सगळं मी सांगण्यापेक्षा ताईला विचार. तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपते, तिला सगळं पाठ आहे. तू गोळ्या मागवल्यास हे तिला ठाऊक असून ती गप्प बसली, असं तू म्हणालीस. ती का गप्प बसली असेल, हे आता तुला कळलं; तिनं पानगळीचं सांगूनही मी ऐकलं नव्हतं. तिला बोलायला लाव. आणि ही वही तिला वाचायला दे. मी डॉक्टरीणबाईंपुढं कबूल केलं ते सुनेनं करायला लावलं म्हणून. आपणहून कधी तिला सांगितलं नाही की मी जाणून केलं, खोटं बोलून केलं, आणि बाटलीवर ढकललं. ते आज लिहिलं आहे.

इकडं बागेची पानगळ झाली आहे. बाग उघडी दिसते, ओट्यावर बसलं की पलीकडचा रस्ता दिसतो, एसटी थांबलेली दिसते. कोण उतरतं ते मी बघत असते. तेलाची वाटी मी माळ्यावर टाकली आहे. आता तुमच्या दोघींच्या डोक्याला मी हात लावणार नाही, तिला तसं सांग. नुसतं समोर बसायचं, पिठलं-भाकरी खायची. कळी निघायच्या आत या. ताईला घेऊन ये बाई, लवकर ये.